काम सोडून जाणाऱ्या बाईचा दोष किती?

बालगृहांत किंवा अनाथाश्रमांत मुलांचा सांभाळ करणारी एखादी बाई दोन-तीन वर्षांनीं काम सोडून गेली म्हणजे खेड्यापाड्यांतून तिच्याविषयीं एकच वाक्य ऐकूं येतें : "पैसा दिसला, लेंकरें दिसलीं नाहींत." असें बोलणारीं माणसें वाईट असतात असें नाहीं. सुगीच्या दिवसांत त्यांनीं आश्रमाला पायलीपायलीनें ज्वारी दिलेली असते. बाई गेल्यावर त्या मुलांचे उतरलेले चेहरे त्यांनीं पाहिलेले असतात. आणि वाईट वाटलें म्हणजे कोणाच्या तरी माथीं दोष ठेवावा हा मनुष्याचा स्वभावच आहे. तेव्हां हा निवाडा खरा कीं खोटा, ह्याचा आज थोडा सावकाश विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न लहान दिसतो, परंतु त्यावर पुष्कळ मुलांचें सुख आणि पुष्कळ बायांची अब्रू अवलंबून आहे.

आरंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे, ती ही कीं मुलाची हानि खरी आहे. आश्रमांत आलेलें मूल एकदां कोणाला तरी अंतरलेलें असतें. आई मेली, बापानें टाकलें, किंवा घरींच असें कांहीं झालें कीं सरकारला मध्यें पडून त्याला उचलावें लागलें. अशा मुलाला दुसऱ्या माणसावर भरंवसा ठेवण्यास महिने लागतात. तो ठेवल्यावर तें माणूस एका सकाळीं दिसेनासें झालें, म्हणजे मुलाला एकच धडा मिळतो, कीं माणसें जातात. पुढच्या बाईकडे तें मूल हात पसरीतच नाहीं. लोक म्हणतात, मूल किती शहाणें झालें, रडत नाहीं! आम्हांस तें शहाणपण पाहून भीति वाटते.

हें केवळ भावनेचें बोलणें नव्हे. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग शहरांत तान्ह्या मुलांच्या कांहीं सरकारी आश्रमांचा तेथील व अमेरिकेंतील संशोधकांनीं मिळून पुष्कळ वर्षें अभ्यास केला, आणि त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या आश्रमांत अन्न होतें, ऊब होती, डॉक्टर होते. परंतु आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत एकेका बाळाला साठपासून शंभरपर्यंत निरनिराळ्या माणसांच्या हातांतून जावें लागे. संशोधकांनीं एका आश्रमांत सांभाळणाऱ्या बायांना मुलांशीं मायेनें व लक्षपूर्वक वागण्याचें शिक्षण दिलें, आणि शिवाय मुलांचे गट लहान करून ठराविक मुलें ठराविक बायांच्या स्वाधीन केलीं. दुसऱ्या आश्रमांत नुसतें शिक्षण दिलें. तिसऱ्या आश्रमांत पूर्वींचीच रीत चालूं ठेविली. पहिल्या आश्रमांतील मुलें सर्वांत अधिक सुधारलीं. त्यांची बुद्धि व बोलणें तर वाढलेंच, पण उंची व वजनहि वाढलें. आणि अन्नांत कांहींएक फरक केलेला नव्हता! ज्यांनीं शेळीमेंढी पाळली आहे त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण शहाण्या माणसांना पुष्कळदा आंकडेच पटतात, म्हणून सांगितलें.

आणखी एक आंकडा ह्या विषयावर नेहमीं सांगितला जातो. अमेरिकेंतील मिल्वॉकी परगण्यांत २००३ च्या जानेवारीपासून २००४ च्या सप्टेंबरपर्यंत सरकारी देखरेखीखालीं आलेल्या मुलांचा हिशेब पाहण्यांत आला. ज्या मुलाचें प्रकरण आरंभापासून शेवटपर्यंत एकाच कार्यकर्त्याच्या हातीं राहिलें, अशा मुलांपैकीं शेंकडा ७४.५ मुलांना कायमचें घर मिळालें. कार्यकर्ता एकदां बदलला तेथें हेंच प्रमाण शेंकडा १७.५ वर आलें. हा आंकडा मात्र जपून घ्यावा. ज्या मुलाचें प्रकरण मुळांतच अवघड तें अधिक दिवस रेंगाळतें, आणि अधिक दिवस रेंगाळलें म्हणजे माणसें बदलण्याचा संभवहि वाढतो. म्हणून सगळा दोष बदलाचाच असें म्हणतां येत नाहीं. तरी एवढी वजाबाकी केल्यावरहि बाकी मोठीच उरते, असें आमचें मत आहे. नवा मनुष्य येतो तेव्हां जुन्या फायलींतलीं पानें त्याला मिळतात, मुलाचा विश्वास मिळत नाहीं.

तर हानि झाली हें ठरलें. परंतु हानि झाली म्हणून अपराध झाला, आणि अपराध झाला म्हणून तो जाणाऱ्या बाईचाच, ह्या दोन उड्या आमचे लोक एका दमांत मारतात. तेथें आम्ही थांबूं इच्छितों.

ही बाई दिवसभर काय करते तें पाहा. पहांटे पांचाला तिचा दिवस सुरू होतो. एकाचें अंथरूण ओलें असतें, दुसऱ्याच्या अंगांत ताप असतो, तिसरा शाळेंतून पळून एस्. टी. स्टँडवर जाऊन बसलेला असतो. वीस-पंचवीस मुलें एकीच्या पदरीं असणें ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. रात्रीं एखादी मुलगी किंचाळून उठते आणि हळूहळू कांहीं सांगूं लागते. तें ऐकल्यावर त्या बाईला पुढें झोंप येत नाहीं. सकाळीं पुन्हा पांच वाजतात. जें ऐकलें तें ती कोणाजवळ बोलणार? नियमाप्रमाणें बाहेर सांगतां येत नाहीं, हें योग्यच आहे. पण आंत तरी ऐकून घेणारें कोणी असतें काय? अधीक्षक हिशेबांत गढलेला. समुपदेशकाची जागा असली तर रिकामी. अशा रीतीनें दुसऱ्याच्या मुलांचें दुःख तिच्या आंत साठत जातें. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्यांनीं १९७४ सालीं अशा अवस्थेला 'बर्नआउट' म्हणजे जळून जाणें हें नांव दिलें. गरिबांच्या एका मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवकांकडे पाहतां पाहतां त्यांच्या ध्यानांत हें आलें होतें; आणि विशेष हें कीं अधिक जीव ओतून काम करणारींच ह्या अवस्थेला लवकर पोंचतात, असें त्यांना दिसलें. आळशी माणूस जळत नाहीं. तो वर्षानुवर्षें टिकतो. म्हणून कोण किती वर्षें टिकला एवढ्यावरून त्याची निष्ठा मोजणें हें माप मुळांतच चुकीचें आहे.

ह्यावर एक जुनें उत्तर आहे, व तें आम्हीं अनेक सभांतून ऐकलें आहे : ही नोकरी नव्हे, ही सेवा आहे; सेवेंत पगार, सुट्टी, झोंप हीं पाहावयाचीं नसतात. हें उत्तर देणारे बहुधा सुट्टी व झोंप घेऊन आलेले असतात हें सोडून देऊं. त्यांच्या म्हणण्यांत एक सत्य आहे. ज्याला मुलें आवडत नाहींत त्याला कितीहि पगार दिला तरी तो त्यांचें कल्याण करूं शकणार नाहीं. परंतु त्याग हें दान आहे. देणारानें तें आपल्या हातानें द्यावें. घेणारानें तें सारा वसूल करावा तसें वसूल करूं लागतांच त्याचें नांव बदलतें. एकीनें आपखुशीनें अर्धपोटीं राहून मुलें वाढविलीं म्हणून दुसरीला अर्धपोटीं ठेवण्याचा अधिकार विश्वस्तांस कसा पोंचतो, हें आजवर कोणीं आम्हांस समजावून दिलेलें नाहीं.

ह्या ठिकाणीं मोठमोठ्यांचीं नांवें पुढें केलीं जातात, व तीं करावयास हरकत नाहीं. मात्र त्यांचीं चरित्रें पुरतीं वाचावीं. अनुताई वाघ १९४५ सालीं बोर्डीला गेल्या, पुढें कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या, आणि १९९२ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत आदिवासी मुलांचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. सत्तेचाळीस वर्षें! पण त्या बोर्डीला एकट्या गेल्या नव्हत्या. ताराबाई मोडक पुढें होत्या. त्या १९७३ पर्यंत जिवंत होत्या. म्हणजे अठ्ठावीस वर्षें अनुताईंना चुकलें तर विचारावयास आणि थकलें तर टेंकावयास एक माणूस होतें. पंडिता रमाबाईंची गोष्टहि अशीच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली त्यांनीं आणल्या, १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आणल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एवढा भार एका बाईनें उचलला असें आम्ही भाषणांत म्हणतों. रमाबाई स्वतः असें म्हणत नसत. कन्या मनोरमाबाई, सुंदराबाई पवार, मिनी एब्रॅम्स अशीं माणसें त्यांच्या बाजूस होतीं. आणि शारदासदनांत शिकून तयार झालेल्या मुलीच पुढें शिक्षिका व मेट्रन म्हणून उभ्या राहिल्या. रमाबाईंनीं मुली सांभाळल्या, त्याबरोबर मुली सांभाळणाऱ्या बाया तयार केल्या व जपल्याहि. पुतळे एकएकट्यांचे उभारतात, म्हणून लोकांचा असा समज होतो कीं कामहि एकएकट्यानें होतें.

ही जपणूक जेथें होत नाहीं, तेथें तिच्याऐवजीं एक उपदेश मिळतो : "मुलांना फार जीव लावूं नका, म्हणजे त्रास होणार नाहीं." दयाळूपणानें दिलेल्या ह्या उपदेशाइतका घातक उपदेश ह्या कामांत दुसरा नसेल. लंडनच्या एका मोठ्या इस्पितळांतील परिचारिकांविषयीं इझाबेल मेंझिस ह्या बाईंनीं १९६० च्या सुमारास एक निबंध प्रसिद्ध केला. तेथें परिचारिकेला कोणत्याहि रोग्याचा लळा लागूं नये अशीच व्यवस्था केलेली होती. कामाचे तुकडे पाडलेले, वॉर्ड वरचेवर बदललेले, रोग्याला नांवानें न ओळखतां खाटेच्या नंबरानें किंवा रोगानें ओळखण्याची संवय. हेतु हा कीं मनाला यातना होऊं नयेत. परिणाम उलटा झाला. शिकावयास आलेल्या मुलींपैकीं सुमारें एक तृतीयांश शिक्षण पुरें न करतां निघून गेल्या, आणि त्यांत अधिक समजूतदार मुली पुष्कळ होत्या. कारण उघड आहे. ज्या गोष्टीसाठीं ती मुलगी आली होती तीच तिला करूं दिली नाहीं. आश्रमांतील बाईला मुलाचा लळा हेंच काय तें खरें वेतन मिळतें. तेंहि कापून घेतलें तर ती राहील कशाला?

आतां सरकारकडे वळूं. २००९ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली; तेंच काम आतां मिशन वात्सल्य ह्या नांवानें चालतें. तिच्यामुळें प्रत्येक जिल्ह्याला एक बाल संरक्षण कक्ष मिळाला, हें मोठें पाऊल होय. परंतु मूळ योजनेंत ह्या कक्षाला सामाजिक कार्यकर्ते दोन आणि गांवोगांव फिरणारे क्षेत्र कार्यकर्ते दोन एवढेच दिलेले होते. अहिल्यानगर जिल्हा घ्या, ज्याला २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत. २०११ च्या जनगणनेंत त्याची वस्ती ४५ लाखांवर होती, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरांत एक मूल संकटांत आहे आणि जामखेडकडे दुसरें, तर त्या दोन माणसांनीं कोणत्या गाडीनें कोठें पोंचावें? शिवाय अशा नेमणुका कराराच्या. पुष्कळदा अकरा महिन्यांच्या. जो अकरा महिन्यांचा कागद हातांत देतो त्यानें आयुष्याची निष्ठा मागावी, ह्यांत न्याय आम्हांस दिसत नाहीं. मुलाला स्थैर्य द्यावयाचें तें ज्याच्या हातून द्यावयाचें, त्याच्याच पायाखालीं जमीन नाहीं.

अंगणवाडीच्या बायांची स्थिति वाचकांना घरच्यासारखी ठाऊक आहे, म्हणून थोडेंच लिहितों. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं हें काम देशांत ३३ प्रकल्पांत सुरू झालें. सेविकेला पगार नव्हे तर मानधन मिळतें, आणि ह्या एका शब्दाच्या आड पुष्कळ कांहीं दडलें. २०१८ च्या ऑक्टोबरांत केंद्राचा दर तीन हजारांवरून साडेचार हजार झाला. राज्यें त्यांत आपली भर घालतात. ह्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें सांगण्यास सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ चा दिवस उजाडावा लागला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रांतील सेविका व मदतनीस संपावर गेल्या, व जानेवारी उजाडल्यावरहि अंगणवाड्यांना कुलुपें होतीं. त्या वेळीं "मुलांच्या तोंडचा घांस काढला" असें पुष्कळांनीं म्हटलें. घांस चुकला हें खरें. तो चुकणें आम्हांसहि बरें वाटलें नाहीं. पण घांस भरविणारीच्या पानांत काय पडतें, हें त्याच मंडळींनीं संपापूर्वीं कधीं विचारलें होतें काय?

तथापि पैसा वाढविला म्हणजे सर्व झालें असें नव्हे. पुष्कळ बाया पगारामुळें जात नाहींत, भयामुळें जातात. मुलाच्या बाबतींत कांहीं विपरीत घडलें कीं सर्वांत खालच्या माणसाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. २५ फेब्रुवारी २००० रोजीं लंडनमध्यें व्हिक्टोरिया क्लिम्बिए नांवाची आठ वर्षांची मुलगी घरच्या छळानें मरण पावली. लॉर्ड लॅमिंग ह्यांनीं केलेल्या चौकशीचा अहवाल २००३ च्या जानेवारींत निघाला. जिच्याकडे तें प्रकरण होतें ती कार्यकर्ती तरुण होती व तिच्या हातीं वाजवीपेक्षां जास्त प्रकरणें दिलेलीं होतीं. लॅमिंग ह्यांनीं खालच्या कार्यकर्त्यांच्या चुका झांकल्या नाहींत. पण अधिक मोठें अपयश वरच्या व्यवस्थापकांचें आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. असें लिहिणारे चौकशी करणारे दर ठिकाणीं मिळत नाहींत. आपल्यावर संकट आलें तर वरचा मनुष्य आपल्या बाजूला उभा राहील कीं आपल्यालाच पुढें ढकलील, हें बाई पहिल्या सहा महिन्यांतच ओळखते, आणि राहावयाचें कीं जावयाचें हें बहुतेक तेव्हांच ठरतें.

ह्या सगळ्यावरून कोणी असें समजूं नये कीं माणूस टिकविणें हेंच पुण्य. कांहीं माणसांनीं जावें हेंच बरें. मुलांवर हात टाकणाऱ्याला, त्यांना घालून पाडून बोलणाऱ्याला, वीस वर्षांचा जुना नोकर म्हणून ठेवून घेणें हा मुलांवर अन्याय होय. त्याला आजच्या आज घालवावें, आणि तेंहि दुसऱ्या आश्रमाला शिफारसपत्र न देतां. दुसरी अतिशयोक्तिहि टाळली पाहिजे. १९४९ सालीं ऑस्ट्रियांत इम्स्ट येथें हर्मान ग्मायनर ह्यांनीं एसओएस बालग्रामाची कल्पना काढली : एक घर, थोडीं मुलें, एकच आई. कल्पना सुंदर, व पुष्कळ मुलांचा तिनें उद्धार केला. पण तेथील आईनें एकटें असावें, तिला स्वतःचा संसार नसावा, असा दंडक दीर्घकाळ होता. मुलाला स्थिर चेहरा मिळावा म्हणून एका स्त्रीचें सबंध आयुष्य मागणें योग्य कीं अयोग्य, ह्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे, आणि आमचें मत असें झालें आहे कीं मागूं नये. कोणी आपण होऊन दिलें तर आदरानें घ्यावें. आठ-दहा वर्षें मन लावून काम करून जी बाई आपल्या म्हाताऱ्या आईकडे परत जाते, तिनें पळ काढला असें म्हणणाऱ्याची जीभ झडो असें आम्ही म्हणणार नाहीं, पण त्यानें ती आवरावी.

तेव्हां दोषाची वांटणी आमच्या मतें अशी होते. जी बाई न सांगतां, मुलांना तोंड न दाखवितां निघून जाते, तिच्याकडे थोडा दोष येतो. ज्यांनीं तिला रात्रंदिवस राबविलें, आठवड्याची सुट्टी दिली नाहीं, तिचें ऐकून घेतलें नाहीं, त्यांच्याकडे पुष्कळ येतो. आणि उरलेला गांवकऱ्यांकडे येतो, कारण आश्रमाला ज्वारी पोंचविणाऱ्या बैठकींत त्यांनीं मुलांची संख्या विचारली, पण तीन वर्षांत बाया किती बदलल्या हें कधीं विचारलें नाहीं. हा आंकडा वार्षिक अहवालांत मुलांच्या संख्येशेजारींच छापावा, अशी आमची सूचना आहे. विश्वस्तांना तो आवडणार नाहीं.

जाणें टळतच नसेल तेथें तें कसें व्हावें, हेंहि ठरवून ठेवावें. मुलें शाळेंत गेलीं असतां बाईला टॅक्सींत बसवून देण्याची रीत आहे. रडारड नको म्हणून. ही रीत मोडावी. तिनें आपल्या तोंडानें मुलांना सांगावें, कोठें जाते तें सांगावें, आणि नव्या बाईबरोबर निदान पंधरा दिवस एकत्र काढावे. ह्यावर हरकत अशी निघते कीं पंधरा दिवस दोघींचा पगार द्यावा लागतो. लागतो खरा. पण त्या पंधरा दिवसांत जुनी बाई नवीला सांगते कीं कोणाला दिवा मालवल्यावर झोंप येत नाहीं, कोणाला दूध पचत नाहीं, कोणतीं दोन भावंडें एका ताटांतच जेवतात, आणि कोणत्या मुलापुढें बापाचें नांव काढावयाचें नाहीं. ह्यांतलें कांहींच रजिस्टरांत लिहिलेलें नसतें.